पहिला क्रमांक कोणाचा?

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या सामन्यांस हल्लीं ई-स्पोर्ट्स म्हणतात, आणि ज्या घरांत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्या घरांत हा शब्द समजावून सांगण्याची गरज उरलेली नाहीं. हे खेळ चांगले कीं वाईट, हा वाद आम्ही आज बाजूस ठेवितों. ऑगस्ट 2025 मधील केंद्रीय कायद्यानें पैसे लावून चालणारे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, पण ई-स्पोर्ट्सला मात्र निराळी मान्यता दिली. तेव्हां त्यांचा विचार इतर खेळांप्रमाणेंच करणें प्राप्त आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, या खेळांत संघांची जी क्रमवारी लागते ती न्याय्य असते काय? प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु क्रमांक पाहूनच मोठ्या स्पर्धेचें निमंत्रण येतें, निमंत्रणावर बक्षीस व वेतन अवलंबून असतें, आणि विशी न ओलांडलेल्या कित्येक मुलांनीं या उत्पन्नाच्या भरंवशावर शिक्षण अर्धवट सोडलेलें असतें.

अशा बहुतेक क्रमवाऱ्यांचें मूळ बुद्धिबळांत सांपडतें. अर्पाद एलो हे जन्मानें हंगेरियन; अमेरिकेंत मिलवॉकी येथें ते भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांची पद्धति अमेरिकन बुद्धिबळ संघटनेनें 1960 मध्यें व जागतिक संघटनेनें 1970 मध्यें स्वीकारली. तिची युक्ति सोपी आहे. दोघां खेळाडूंच्या गुणांकांत 200 चा फरक असेल, तर वरच्यानें शंभर डावांत सुमारें 76 गुण मिळवावे अशी अपेक्षा धरावयाची. अपेक्षेहून अधिक मिळविले तर गुणांक वाढतो, कमी मिळविले तर उतरतो. बलाढ्यास हरविलें तर लाभ मोठा. दुबळ्यास हरविलें तर जवळजवळ नाहींच.

या हिशेबाची एक अट मात्र सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. खेळणारे सर्व जण एकमेकांत पुरेसे मिसळलेले असले पाहिजेत. व्हर्जिनिया राज्यांत क्लॉड ब्लडगुड नांवाचा जन्मठेपेचा एक कैदी होता. त्याचे सामने व्हावयाचे ते बहुतेक तुरुंगांतल्या सोबत्यांशींच. नवशिके कैदी खेळावयास बसत, त्यांच्या वांट्यास कांहीं गुणांक येई, आणि तो हळूहळू ब्लडगुडच्या खात्यांत जमा होई. 1996 मध्यें अमेरिकेच्या यादींत त्याचें नांव दुसऱ्या स्थानीं झळकलें! तो खेळाडू बरा होता, पण देशांतला दुसरा खचित नव्हता. गणितांत चूक एका आण्याची नव्हती. भिंतींच्या आंत फिरणारे गुण भिंतींबाहेरच्या गुणांशीं कोणीं ताडून पाहिलेच नव्हते, इतकेंच. पुढें संघटनेस आपले नियम बदलावे लागले.

आतां काउंटर-स्ट्राइककडे वळूं. पांच-पांच जणांच्या दोन संघांचा हा खेळ 1999 पासून चालत आला असून तो व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या मालकीचा आहे. पूर्वीं स्पर्धा भरविणारे व नामांकित संघ आपसांत करार करीत. 2020 मध्यें ईएसएल या आयोजक संस्थेनें 13 संघांशीं असा करार करून त्यांस आपल्या स्पर्धामालेंत दीर्घ मुदतीचें स्थान व उत्पन्नांत वांटा देऊं केला. बाहेरच्या संघानें कितीही पराक्रम केला, तरी पंगत आधींच बसलेली! ऑगस्ट 2023 मध्यें व्हॉल्व्हनें जाहीर केलें कीं, 2025 च्या आरंभापासून आयोजकांनीं सहभागी संघांशीं धंद्याचे संबंध ठेवूं नयेत, आणि निमंत्रणें कंपनीच्या क्रमवारीवरून द्यावीं, नाहीं तर खुल्या पात्रता-फेरींतून संघ घ्यावे. शिवाय ज्या गणितानें ही क्रमवारी लागते तें सारें कोणासही तपासतां यावें म्हणून उघडें ठेविलें. ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. आपण कां मागें पडलों, हें ज्यास कळूं शकतें त्याचें अर्धें दुःख हलकें होतें.

दुसरीही एक गोष्ट शहाणपणाची केली आहे. क्रमांक संस्थेच्या नांवास चिकटत नाहीं. पांचांपैकीं तीन खेळाडू एकत्र राहिले तर तो त्यांच्याबरोबर जातो. 1913 मध्यें बालगंधर्व, टेंबे व बोडस किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले तेव्हां प्रेक्षक कोणामागें गेले, हें ज्या घरांत अजून सांगितलें जातें तेथें हा नियम लगेच पटेल.

परंतु गणिताच्या पोटांत एक दोष राहिलाच आहे. संघाची आरंभींची किंमत ठरवितांना त्यानें गेल्या सहा महिन्यांत मिळविलेलें बक्षीस, ज्यांना हरविलें त्यांनीं मिळविलेलें बक्षीस, हरविलेल्या निरनिराळ्या संघांचें जाळें व समोरासमोर बसून जिंकलेले सामने हे सर्व धरतात. नंतर एलोच्या धर्तीवर सामन्यागणिक फेरफार होतो. आतां मोठें बक्षीस मोठ्या स्पर्धेंत, आणि मोठी स्पर्धा वरच्या क्रमांकास! ज्याच्या घरीं धान्य त्यालाच पेरणीस जमीन, असा हा प्रकार होतो. आणि सहा महिन्यांची मुदत असल्यामुळें एखादा खेळाडू आजारी पडून संघ बसून राहिला, तर जुनें पुण्य दिवसेंदिवस झिजतें.

व्हर्जिनियाच्या तुरुंगाची आठवण येथेंच होते. यूरोपचे संघ बहुधा यूरोपांत खेळतात, आशियाचे आशियांत. मधले सामने थोडे. म्हणून दोन्हींकडील गुणांक एका मापाचे आहेत असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. व्हॉल्व्ह विभागवार जागा राखून ठेवितें, आणि त्याचें फळ दिसलें आहे. मंगोलियाचा द मंगोल्झ हा संघ जून 2025 मध्यें ऑस्टिन येथील प्रमुख स्पर्धेंत थेट अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व व्हायटॅलिटीकडून 2-1 असा हरला. त्याच ऑगस्टमध्यें रियाध येथें ई-स्पोर्ट्स विश्वचषकांत त्यानें काउंटर-स्ट्राइकचें अजिंक्यपद पटकाविलें. उलानबातरच्या त्या मुलांस बाहेरच्या बलाढ्यांशीं गांठ घालून दिली नसती, तर कोणत्याही गणितानें त्यांची खरी किंमत सांगितली नसती.

म्हणून 2025 च्या अखेरीस बुडापेस्ट येथें भरलेल्या प्रमुख स्पर्धेची तऱ्हा आम्हांस रुचत नाहीं. तेथें सर्व 32 संघ पात्रता-फेरीवांचून, केवळ यादीवरून बोलाविले गेले. कोणास कोणत्या फेरींत प्रवेश द्यावा हें यादीवरून खुशाल ठरवावें. पण दारच एक असावें व त्याची किल्ली यादीच्या हातीं असावी, हें बरें नव्हे. आशिया विभागांतच मोडणाऱ्या आपल्या भारतांतून उद्यां पुण्याचीं किंवा नागपुरचीं पांच मुलें तयार झालीं, तर त्यांच्यापाशीं ना जुनें बक्षीस असेल ना हरविलेल्या श्रीमंत संघांचें जाळें. बत्तिसांपैकीं चार जागा तरी खुल्या फेरींत जिंकणाऱ्यांसाठीं ठेवाव्या, आणि त्या फेरीस येणाऱ्याचा पूर्वीचा क्रमांक कोणीं विचारूं नये.