कप्तानीचा रकाना

आज १४ एप्रिल, बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. सुरतेत मान दरवाज्याजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला आज दिवसभर रीघ लागेल. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतून संध्याकाळी मिरवणुका निघतील. उद्या १५ एप्रिल. उद्या अमेरिकेत बेसबॉलच्या मोठ्या लीगमधला प्रत्येक खेळाडू एकाच नंबरचा सदरा घालून मैदानात येईल, ४२. ब्रुकलिन डॉजर्सकडून १५ एप्रिल १९४७ रोजी पहिल्यांदा खेळलेल्या जॅकी रॉबिन्सन यांचा तो नंबर. काळ्या खेळाडूंना साठ-बासष्ट वर्षं बंद असलेलं दार त्या दिवशी उघडलं, म्हणून हा दिवस पाळतात.

तारखा शेजारी आल्या हा निव्वळ योगायोग. पण या दोन दिवसांच्या मधोमध उभा राहील असा एक मराठी क्रिकेटपटू आहे आणि त्यांची आठवण दोन्ही दिवशी कुणाला होत नाही. बाळू पालवणकर.

आधी अमेरिकेचं पाहू. काळ्यांना संघात घेऊ नये असा लेखी नियम मोठ्या लीगच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर टोलेडोकडून खेळले, आणि त्यानंतर मालकांचा आपापसातला न लिहिलेला करारच पुरेसा ठरला. नाकारलेल्या माणसांनी मग स्वतःचा खेळ उभारला. स्वतः नामवंत पिचर असलेल्या आणि शिकागोचा संघ चालवणाऱ्या रूब फॉस्टर यांनी फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत इतर मालकांना एकत्र बसवलं आणि निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. हॉटेलं खोली देत नसत, म्हणून खेळाडू बसमध्ये झोपत. खाणावळी आत घेत नसत, म्हणून मागच्या दाराने मिळेल ते खात. अशा अवस्थेत कॅन्सस सिटी मोनार्क्स हा संघ १९३० मध्ये विजेचे दिवे गाडीवर लादून गावोगाव रात्रीचे सामने खेळत होता. मोठ्या लीगला रात्रीचा सामना सुचायला १९३५ उजाडलं. शिकागोत दर वर्षी होणाऱ्या पूर्व-पश्चिम सामन्याला बहराच्या काळात पन्नास हजारांच्या आसपास गर्दी लोटत असे. खेळाडू काळे, मालक बहुतांशी काळे, वार्ताहर काळे, आणि तिकिटाचा पैसा वस्तीतच फिरायचा.

रॉबिन्सन आले आणि हे सगळं दोन-तीन वर्षांत कोसळू लागलं. ते मोनार्क्सचे खेळाडू होते. डॉजर्सनी त्या संघाला त्यांच्यापोटी एक डॉलरही दिला नाही. लॅरी डोबी क्लीव्हलंडला गेले तेव्हा न्यूअर्क संघाच्या मालकीणबाई एफा मॅन्ली भांडल्या आणि १५,००० डॉलर वसूल केले, तेही गोऱ्या खेळाडूच्या मानाने थोडेच. फॉस्टर यांच्या लीगनंतर त्याच नावाने निघालेली दुसरी निग्रो नॅशनल लीग १९४८ नंतर बंद पडली. जोश गिब्सन यांच्यासारखा फलंदाज तर जानेवारी १९४७ मध्येच वारला, पस्तिसाव्या वर्षी. दार उघडायला तीन महिने बाकी होते. मात्र काळ्यांच्या संघांनी ठेवलेल्या आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी छापलेल्या नोंदी शिल्लक होत्या. संशोधकांनी त्या वर्षानुवर्षं जुळवल्या. डिसेंबर २०२० मध्ये बेसबॉलच्या कारभाऱ्यांनी या लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला, मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदवहीत घेतले, आणि टाय कॉब यांचा फलंदाजीच्या सरासरीचा शतकभराचा विक्रम मागे पडून गिब्सन यांचं नाव वर चढलं. ०.३६७ च्या जागी ०.३७२.

आपल्याकडची गोष्ट दुसऱ्या टोकाने सुरू होते. बाळूंना मैदानावर घेतलं होतं.

चांभार घरातला हा मुलगा १८७६ च्या सुमारास धारवाडला जन्मला आणि पुण्यात वाढला. वडील लष्करात नोकरीला. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पुण्यातल्या पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची आणि रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे गोऱ्यांच्या क्लबात चार. तिथे जाळी बांधणं, रेघा मारणं आणि जे. जी. ग्रेग यांच्यासारख्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करणं हे काम. आपल्याला बाद केलं की ग्रेग आठ आणे देत, अशी दंतकथा आहे. बॅट मात्र या क्लबात त्यांच्या हाती कधी कुणी दिली नाही.

गोऱ्यांना हरवायचं तर या डावखुऱ्या फिरकीशिवाय गत्यंतर नाही हे पुण्याच्या हिंदू क्लबाला कळलं आणि तिथल्या ब्राह्मणांनी त्यांना संघात घेतलं. त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र बाळू तंबूच्या बाहेर, आणि त्यांचा चहा मातीच्या मडक्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी हवं असेल तर त्यांच्याच जातीचा नोकर ते कोपऱ्यात नेऊन देई. ज्यांच्यासोबत खेळता त्यांच्यासोबत खायला-प्यायला काय हरकत आहे, असं न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावलं होतं. सुनावलं, एवढंच.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईला गेले आणि बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेत लागून तिच्या संघाकडून खेळू लागले. तापीपलीकडच्या उत्राणपासून अंकलेश्वरपर्यंतचा पहिला रूळ १८६० मध्ये टाकणारी हीच ती कंपनी. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू होते, धाकटे बंधू शिवराम होते. स्वदेशीच्या ऐन वाऱ्यात आलेल्या या विजयाने देशभर आनंद झाला आणि जात बाजूला ठेवली तर काय होऊ शकतं यावर वृत्तपत्रांनी रकाने भरले. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आमच्या सुरतेत भरलं. जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, जहाल-मवाळ वेगळे झाले. एका विजयाने माणसं जोडली जातात असं मानणाऱ्यांना सुरतेने तेव्हाच उत्तर दिलं, असं आम्हाला कधीकधी वाटतं.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. एवढं करून आलेल्या गोलंदाजाला हिंदू संघाचं कप्तानपद मिळायला हवं होतं. वर्षामागून वर्ष ते दुसऱ्याला मिळालं. १९२० च्या चौरंगी (हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन संघांच्या) सामन्यांत तर बाळूंना वगळलंच. कप्तान एम. डी. पै आजारी पडल्यावर विठ्ठल पालवणकर या बाळूंच्या भावाचा हक्क होता, तर निवड झाली प्रोफेसर देवधरांची. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी तिकडे फॉस्टर यांनी आपली लीग काढली होती. मुंबईत गवगवा झाला, पै बरे होऊन परतले, दोघे भाऊ संघात आले, बाळू उपकप्तान झाले, आणि पै मुद्दाम मैदानाबाहेर गेल्यामुळे थोडा वेळ नेतृत्व त्यांच्याकडे आलं. पंधरा वर्षांच्या चाकरीचा हा मोबदला. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघ जिंकला. पुढे त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ लिहिलं. ते नसतं तर मातीच्या मडक्याची हकीकत धावफलकात कुणाला सापडली नसती.

आमचं म्हणणं इथेच आहे. अमेरिकेतलं वगळणं उघड होतं, म्हणून वगळलेल्यांची वेगळी वही तयार झाली आणि शंभर वर्षांनी ती जोडता आली. आपलं वगळणं संघाच्या पोटात होतं. नोंदवहीत बाळूंचे बळी आहेत, पण न मिळालेल्या कप्तानपदाला रकानाच नाही, आणि जे क्लबाच्या दारापर्यंतही पोचले नाहीत त्यांचं नावसुद्धा नाही. ‘आमच्यात कुठे भेदभाव होता, बाळू तर खेळत होते’ असं म्हणायची सोय तेवढी झाली.

खेळाडूला पुढे करून राजकारण करण्याचीही दोन्हीकडे सारखीच हौस. पॉल रोबसन या बंडखोर काळ्या गायकाविरुद्ध बोलायला १९४९ मध्ये रॉबिन्सन यांना संसदेच्या समितीपुढे उभं केलं गेलं. इकडे त्याआधीच, १९३७ च्या निवडणुकीत, काँग्रेसने मुंबईत आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं बाळूंना. ज्यांचा आंबेडकरांना अभिमान होता, ज्यांचं नाव पुणे कराराच्या वाटाघाटींत आलं होतं, तेच बाळू. आंबेडकर १३,२४५ मतं मिळवून निवडून आले; बाळूंना ११,२२५ मिळाली. बाळूंना यात नुसतं प्यादं म्हणणं आम्हाला पटत नाही. संयुक्त मतदारसंघ हवा असं त्यांचं स्वतःचं मत होतं. पण आपल्या वस्तीत त्यांचं नाव पुसट होण्याचं एक कारण ही निवडणूक असावी, आणि ज्या पक्षासाठी ते लढले त्यानेही पुढे त्यांना फार आठवलं नाही. १९५५ मध्ये ते गेले.

बाळू ज्यांत खेळले ते चौरंगी सामने १९३७ मध्ये पंचरंगी झाले. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन यांत न बसणाऱ्यांचा ‘इतर’ असा पाचवा संघ निघाला, आणि सांगलीचे ख्रिस्ती विजय हजारे त्यातून खेळले. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात ‘इतर’च्या दुसऱ्या डावातल्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्या हजाऱ्यांच्या, तरी संघ डावाने हरला. धर्मावर बेतलेले हे सामने थांबवा असं गांधीजींनी १९४० मध्येच सांगितलं होतं. थांबले १९४६ मध्ये.

मुंबईत थांबले. सुरतेत दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धांची जी लाट येते तिच्यातल्या कितीतरी आजही समाजाच्या नावाने भरतात. खानदेशातून आलेल्या आमच्या माणसांचे चषकही त्यात आहेत, आणि आपल्या मुलांना मैदान मिळावं म्हणून ते भरवणाऱ्यांची मेहनत आम्हाला ठाऊक आहे. नाकारलेल्यांनी आपली स्पर्धा काढणं आणि ऐपतवाल्यांनी आपलं कुंपण घालणं यांत फरक आहे, तो फॉस्टर यांच्याकडे पाहिल्यावर लक्षात येतो. तरी येत्या हंगामात लिंबायत किंवा उधन्यातल्या एखाद्या मंडळाने एक चषक बाळू पालवणकरांच्या नावाने ठेवावा, त्याच्या प्रवेशअर्जातून ‘समाज’ हा रकाना काढून टाकावा, आणि संघाने कप्तान कसा निवडला ते दोन ओळींत लिहून मागावं.