शिळ्या पाण्याचं काय करायचं?

जालन्याच्या जुन्या वस्तीत नळाचा दिवस पहाटेच सुरू होतो. गल्लीत कुणीतरी हाक देतं, ‘नळ आला!’ आणि पाच मिनिटांत दारोदारी टिल्लू पंप घरघरू लागतात. हंडे, कळश्या, बादल्या, निळे पिंप, गच्चीवरची टाकी, सगळं रांगेने भरायचं असतं. त्याआधी मात्र एक काम उरकलं जातं, तेही इतक्या सवयीने की कुणाच्या नजरेत येत नाही. पिंपाच्या तळाशी उरलेलं गेल्या खेपेचं पाणी मोरीत उपडं होतं. का? तर ते शिळं.

ज्या बाईने ते पाणी ओतलं, तिला उधळी म्हणण्याचं धाडस कुणी करू नये. आठवडाभर तिनेच तांब्या-तांब्याने पाणी पुरवलेलं असतं. पाहुणा आला तर त्याच्या आंघोळीचाही हिशेब तिच्या डोक्यात असतो. तिने मागे पाणी ठेवलं, कारण पुढचा नळ कधी येईल याची खात्री नव्हती. आणि नळ आल्यावर तिने ते सांडलं, कारण पिंप रिकामा केल्याशिवाय ताजं पाणी घेणार कुठे? धाकाने साठवायचं आणि घाईने ओतायचं, ही खोड माणसांना पुरवठ्यानेच लावली आहे.

हिशेब करून पाहावा. 200 लिटरचे दोन पिंप अर्धे उरले, तर एका खेपेला 200 लिटर पाणी गेलं. आठ दिवसांआड नळ धरला तर वर्षात साधारण 45 खेपा होतात. म्हणजे एका घरातून 9,000 लिटर. मे महिन्यात पाच हजारी टँकरसाठी ज्या गल्लीत दारापुढे पिंप मांडून वाट पाहिली जाते, त्याच गल्लीत प्रत्येक घर वर्षाला जवळजवळ दोन टँकर मोरीत सोडतं.

आता ‘शिळं’ या शब्दाबद्दल थोडं. उघड्या पिंपातल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासाच्या अळ्या वळवळू लागतात, ही गोष्ट खरी आहे. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं ते त्यासाठीच, आणि ते पाळलंच पाहिजे. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी नसतानाही महिनोन् महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, पिंप आतून घासावा लागतो. पण कोरडा दिवस म्हणजे भांडं कोरडं करायचा दिवस. ते पाणी गटारातच गेलं पाहिजे असं कुठे आहे? शेवग्याच्या आळ्यात ओतलं तर मातीवर पडलेल्या अळ्या मरतात आणि झाड भिजतं. ज्या पिंपाला घट्ट झाकण आहे किंवा तोंडावर धुतलेलं कापड बांधलेलं आहे, त्यातलं पाणी तर धुण्याभांड्याला पुढेही चालतं.

जुन्या घरांमधून ही समज होती. मोरीचं पाणी परसात सोडलेलं असे आणि तिथे केळ, अळू, कर्दळ माजलेली असे. त्यांना वेगळं पाणी घालायची कुणाला कधी आठवणही होत नसे. आता परसच राहिलं नाही. अंगणाला फरशी आली, गच्चीवर कुंड्या आल्या, आणि कुंड्यांना पाइपाने पाणी घालण्याची पद्धत पडली. साधा पाइप मिनिटाला 10-15 लिटर पाणी सहज ओततो. खात्री करायची असेल तर त्याच पाइपाखाली बादली ठेवून घड्याळ पाहावं. दहा मिनिटांच्या फवाऱ्यात जेवढं पाणी जातं, तेवढ्यात नळ नसलेल्या दिवशी दोघा-तिघांच्या आंघोळी आटोपतात.

बागेसाठी या भागातल्या उन्हाळ्यात मडक्याइतकं गुणी साधन दुसरं नाही. कच्च्या भाजणीचं, रंग न दिलेलं मडकं झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, वर झाकणी ठेवायची. माती कोरडी पडेल तसं मडकं पाझरतं आणि ओली असेल तेव्हा पाझर मंदावतो. पाणी थेट मुळांपाशी जातं, ऊन ते उडवून नेत नाही. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात ही रीत नोंदलेली आहे. माठ जुना होऊन पाणी गार करेनासा झाला की तो उकिरड्यावर जातो, पण असला जुना माठ या कामी उपयोगाचा नाही, कारण त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात. कुंभाराकडून नवं, स्वस्तातलं मडकंच घ्यावं. जड पाण्याच्या बोअरवर ते एक-दोन हंगामांत बदलावं लागतं, एवढाच काय तो खर्च. झाडाभोवती वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड अंथरलं तर ओल आणखी टिकते.

मोसंबीवाल्यांना हे सांगावं लागत नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि 2012-13च्या दुष्काळात याच जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे उभ्या बागा वाळून त्यांवर कुऱ्हाड चालवावी लागली होती. ज्याने आच्छादन करून, थेंबाथेंबाने एखादी बाग जगवली, त्याच्याइतकी पाण्याची किंमत दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

कोणतं पाणी झाडाला चालतं, हेही नीट पाहिलं पाहिजे. तांदूळ-डाळींचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी खुशाल घालावं. धुणं हिसळलेलं शेवटचं पाणी अधूनमधून चालतं. साबणाचं पहिलं पाणी मात्र फरशी नाहीतर संडास धुवायला वापरावं, कारण त्यातला सोडा साठून काळी माती घट्ट होते. घरात आरओ असेल तर एका लिटर शुद्ध पाण्यामागे सहसा दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर पडतं. ते क्षाराचं असल्याने कुंड्यांना रोज नको, पोछा मारायला उत्तम. नळीखाली बादली ठेवणं एवढंच करायचं असतं.

खरा मोठा साठा मात्र छतावर पडतो. या जिल्ह्यात सरासरी 650-700 मिलिमीटर पाऊस होतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 500 चौरस फुटांच्या स्लॅबवर, गळती-सांडणी वजा जाता, 24,000 लिटरच्या आसपास हाती लागतं. पाऊस निम्मा झाला तरी 12,000 राहतात. मराठवाड्याच्या जुन्या माळवदावरून पन्हाळीतून येणारं पाणी मातीने गढूळ असायचं, ते प्यायला कुणी धरत नसे. आजचा स्लॅब झाडून घेतला आणि पहिला पाऊस वाहू दिला की पुढचं पाणी स्वच्छ असतं. वाळू-कोळशाच्या गाळणीतून ते झाकणबंद टाकीत घ्यावं. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला 25 लिटर लागतात असं धरलं, तर 3,000 लिटरची टाकी फेब्रुवारी ते मे पुरते. टाकीला जागा नसेल तर तेच पाणी वाड्यातल्या जुन्या आडात किंवा बोअरच्या कडेच्या खड्ड्यात मुरवावं. इथे खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांतच राहतं, म्हणून खोल खोल बोअर मारूनही ते हुलकावणी देतं.

जालना तालुक्यातल्या कडवंचीने हेच गणित शिवारभर मांडलं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि जलतज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली 1996पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथे पाणलोटाचं काम झालं. बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली, आणि कोरडवाहू गावात द्राक्षं पिकू लागली. शहराकडेही असा वारसा आहे. निजामाच्या काळातला घाणेवाडी तलाव पंप न लावता, नुसत्या उताराने जालन्याला पाणी पुरवत आला, आणि त्यातला गाळ काढायला अलीकडे नागरिकांनी स्वतः पुढाकार घेतला.

नळाचं काय? जायकवाडीचं पाणी अंबडमार्गे पंपांनी जालन्यापर्यंत येतं. पण ते घरी कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ येईल, हे आधी कळलं आणि तसंच घडलं, तरच पिंप उपडे करण्याची सवय सुटेल. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. तिथल्या घरात शिळं पाणी उरण्याचं कारणच नाही. जालन्याला चोवीस तासांचं स्वप्न आज लांबचं असेल, वेळापत्रक तेवढं लांबचं नाही. 2023मध्ये जालन्याला महानगरपालिका झाली. तिने प्रभागवार तारखा आठवडाभर आधी फळ्यावर लिहाव्यात, खंड पडला तर त्याच फळ्यावर कळवावं, आणि ज्या नळांना तोट्याच नाहीत त्यांना तोट्या बसवून घ्याव्यात. पिंप भरल्यावर नाल्यात धो-धो वाहणारा नळ ही आज गल्लोगल्लीची गोष्ट आहे.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो. त्याआधीचा एक रविवार स्लॅब झाडायला, पन्हाळीच्या तोंडाला पाइप जोडायला आणि बाजारातून दोन मडकी आणायला पुरेसा आहे.