पोरांचं मत कुणाकडे?

१९९९ ते २०१४ या चारही लोकसभा निवडणुकांत आपल्या छत्रपती संभाजीनगरनं (तेव्हाच्या औरंगाबादनं) शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांनाच दिल्लीला धाडलं. २०१९ला अवघ्या ४,४९२ मतांनी एमआयएमचे इम्तियाज जलील निवडून आले, २०२४ला शिंदे यांच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे. महायुतीला मराठवाड्यात मिळालेली ती एकमेव जागा. सहा महिन्यांत विधानसभेला जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा महायुतीकडे!

एवढी उलथापालथ होत असताना तरुण पोरं काय विचार करत होती, हा या अंकाचा विषय. मतपेटी वय सांगत नाही, म्हणून आम्ही आपल्या गारखेडा भागातच विचारत फिरलो. सूतगिरणी चौकातल्या चहाच्या गाड्यांवर, क्रीडा संकुलात पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलांत. ‘वडील सेनेचे, म्हणून मीही’ असं म्हणणारा आता क्वचित भेटतो. आणि फुटीनंतर सेना तरी कोणती? आरक्षण, रखडलेली भरती, अनेक दिवसांच्या अंतरानं येणारं नळाचं पाणी यांवर ही पोरं पोटतिडकीनं बोलतात. मोबाइल त्यांना भडकवतो हे खरं. पण सगळं खापर त्याच्यावर फोडणं आम्हाला पटत नाही. नोकरी नाही, त्यामुळे लग्न ठरत नाही, हे दुखणं फार खोल आहे.

ही पोरं आपल्याच घरातली आहेत. घरात मतावरून वाद झाला असेल, तर तो आम्हाला लिहून कळवा. मुलांनो, तुम्ही तर नक्कीच लिहा. पुढच्या अंकातली पानं तुमच्यासाठी राखली आहेत.