सगळ्यात भारी वाइड रिसीव्हर कोण? एनएफएलच्या चाहत्यांचं भांडण मिटत का नाही?

मार्च २०२५ ची गोष्ट. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या सिनसिनाटी बेंगल्स या टीमने जामार चेस या खेळाडूसोबतचा करार आणखी ४ वर्षांसाठी वाढवला. रक्कम होती १६.१ कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी ४ कोटी डॉलरपेक्षा जास्त. क्वार्टरबॅक सोडून दुसऱ्या कुठल्याही जागेवर खेळणाऱ्याला तोवर एवढी सरासरी मिळाली नव्हती.

बातमी आली आणि चाहत्यांचं जुनं भांडण परत पेटलं. एक गट म्हणाला, चेसच नंबर वन. दुसरा म्हणाला, मिनेसोटा व्हायकिंग्जचा जस्टिन जेफरसन असताना चेस नंबर वन कसा? जुने चाहते म्हणाले, तुम्ही पोरांनी जेरी राइसला खेळताना बघितलंच नाही, गप्प बसा.

आपल्याकडे सचिन की विराट यावरून जसे ग्रुप सोडले जातात, तसाच हा प्रकार. पण इथे एक मोठा फरक आहे आणि हे भांडण मिटत नाही त्याचं कारणही तोच फरक आहे.

वाइड रिसीव्हर नेमकं करतो काय?

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. बॉल हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा. अटॅक करणाऱ्या टीमला १० यार्ड पुढे सरकण्यासाठी ४ संधी मिळतात. बॉल फेकण्याचं काम क्वार्टरबॅकचं. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, ठरलेल्या मार्गाने पळतो, मागे लागलेल्या बचावपटूला चकवतो आणि बॉल झेलतो. शेवटच्या पट्ट्यात बॉल पोचला की टचडाउन, ६ पॉइंट.

आता फरक लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये बॅट्समन स्ट्राइकवर आला की बॉल त्याच्याकडे येतोच, पुढचं त्याच्या हातात असतं. रिसीव्हरचं तसं नाही. त्याने बचावपटूला कितीही जबरदस्त चकवलं तरी क्वार्टरबॅकने बघितलं नाही, बॉल वाकडा फेकला किंवा फेकण्याआधीच त्याला कुणी आडवं केलं, तर रिसीव्हरच्या खात्यात शून्य. म्हणजे रिसीव्हरच्या प्रत्येक आकड्यात दुसऱ्या माणसाचा हात असतो.

एकाच खेळाडूची दोन वर्षं

रँडी मॉसचं उदाहरण घ्या. उंच, वेगवान, बचावपटूच्या डोक्यावरून बॉल काढणारा. २००६ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे होता. टीमची अवस्था वाईट, १६ पैकी फक्त २ मॅच जिंकलेल्या. मॉसचे त्या हंगामातले आकडे होते ४२ कॅच, ५५३ यार्ड आणि ३ टचडाउन. तो मन लावून खेळत नाही, त्याचे दिवस संपले, अशी टीका झाली. रेडर्सने त्याला न्यू इंग्लंड पेट्रियट्सला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं, तर ड्राफ्टमधली चौथ्या फेरीची एक निवड. किरकोळ सौदा.

पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक होता टॉम ब्रॅडी. पुढच्याच हंगामात मॉसने ९८ कॅच, १,४९३ यार्ड आणि २३ टचडाउन केले. एका हंगामात एखाद्या रिसीव्हरने केलेल्या टचडाउनचा तो विक्रम ठरला.

मॉसची गुणवत्ता एका वर्षात आठपट झाली का? अर्थातच नाही. बॉल फेकणारा बदलला, टीम बदलली आणि त्याचा स्वतःचा उत्साहही परत आला. पण २००६ मध्ये कुणी फक्त आकडे बघून यादी केली असती, तर मॉसचं नाव फार खाली सापडलं असतं.

मग सगळं क्रेडिट क्वार्टरबॅकचं?

तसंही नाही. २०१५ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सने एकाच हंगामात ४ क्वार्टरबॅक वापरले. त्यांच्यापैकी एकही मोठा स्टार नव्हता. तरी त्यांचा रिसीव्हर डिआंड्रे हॉपकिन्सने १११ कॅच आणि १,५२१ यार्ड काढले.

डवांटे अ‍ॅडम्स ग्रीन बे पॅकर्समध्ये अ‍ॅरन रॉजर्ससारख्या दिग्गजासोबत खेळायचा. २०२१ मध्ये त्याने १,५५३ यार्ड केले. लोक म्हणायचे, रॉजर्स आहे म्हणून अ‍ॅडम्स आहे. २०२२ मध्ये तो रेडर्सकडे गेला, क्वार्टरबॅक बदलला, तरी १,५१६ यार्ड झाले आणि टचडाउन ११ वरून १४ वर गेले.

सगळ्यात गंमतशीर केस टायरिक हिलची. २०२२ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवलं. पॅट्रिक महोम्ससारखा क्वार्टरबॅक सोडून गेलेला हिल मायामीत आणखी चमकला, पहिल्या वर्षी १,७१० आणि दुसऱ्या वर्षी १,७९९ यार्ड. म्हणजे हिल खरंच भारी होता. पण त्याच दोन हंगामांत चीफ्सने त्याच्याशिवाय लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. दोन्ही बाजूंचे चाहते आजही हीच केस पुरावा म्हणून दाखवतात आणि दोघंही चुकीचे नाहीत.

जुन्या-नव्याची तुलना का फसते?

१९४२ मध्ये पॅकर्सच्या डॉन हटसनने ११ मॅचमध्ये १,२११ यार्ड केले. दुसऱ्या नंबरच्या खेळाडूला त्याच्या निम्मेही जमले नव्हते. पण तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि अनेक खेळाडू सैन्यात गेले होते.

१९७८ मध्ये नियम बदलले. सुरुवातीच्या ५ यार्डांपुढे रिसीव्हरला ढकलणं, अडवणं यावर बंदी आली आणि बॉल फेकून खेळणं सोपं झालं. त्याच वर्षी हंगाम १६ मॅचचा झाला, २०२१ पासून तो १७ चा आहे. एका हंगामातला १,९६४ यार्डांचा विक्रम डेट्रॉइट लायन्सच्या केल्विन जॉन्सनने २०१२ मध्ये १६ मॅचमध्ये केला. २०२१ मध्ये कूपर कपने १,९४७ पर्यंत मजल मारली, पण त्याला १७ मॅच मिळाल्या होत्या. आणि जॉन्सनने विक्रम केला त्या वर्षी लायन्सने जिंकल्या किती? फक्त ४.

राहिला जेरी राइस. त्याच्या नावावर २२,८९५ यार्ड आहेत. दुसऱ्या नंबरवरच्या लॅरी फिट्झजेराल्डचे १७,४९२. टीकाकार म्हणतात, राइसला जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग असे दोन महान क्वार्टरबॅक मिळाले. बरोबर आहे. पण वयाची चाळिशी गाठली त्या २००२ च्या हंगामात तो दुसऱ्या टीममध्ये, तिसऱ्याच क्वार्टरबॅकसोबत खेळत होता. तेव्हाही त्याने १,२११ यार्ड केले.

मशिन सांगेल का खरं उत्तर?

आता प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते. तो कुठे आहे, किती वेगात आहे, याची नोंद सेकंदाला १० वेळा होते. त्यामुळे बॉल आला नाही तरी रिसीव्हर बचावपटूपासून किती सुटला होता हे मोजता येतं.

पण इथेही मेख आहे. जो सगळ्यात धोकादायक, त्याच्यावर दोन-दोन बचावपटू सोडले जातात, मग त्याचं अंतर कमीच दिसणार. छोटे, सोपे मार्ग पळणारा मात्र मोकळा दिसतो. शिवाय दोघांना अंगावर घेऊन सोबत्यासाठी जागा करून देणारा रिसीव्हर स्वतःच्या आकड्यांत दिसतच नाही.

एवढं मनावर का घ्यायचं?

कारण यावर खेळाडूंची कमाई ठरते. एनएफएलमध्ये प्रत्येक टीमला पगारासाठी ठरलेली मर्यादा असते. २०२५ मध्ये ती २७.९२ कोटी डॉलर होती. चेसची वार्षिक सरासरी त्याच्या सुमारे १४ टक्के होते. एका रिसीव्हरवर एवढा खर्च केला की क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या खेळाडूंसाठी आणि बचावासाठी तेवढे पैसे कमी उरतात.

खेळाडूच्या बाजूनेही बघा. जेफरसनचा पहिला ४ वर्षांचा करार होता एकूण सुमारे १.३ कोटी डॉलरचा. २०२४ मध्ये तो वर्षाला सरासरी ३.५ कोटींवर गेला. मधल्या काळात गुडघा गेला असता, किंवा 'हा क्वार्टरबॅकमुळे चमकतोय' असं टीमला वाटलं असतं, तर ही उडी झालीच नसती.

अंदाज चुकतातही. कूपर कपला २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ६९ व्या नंबरवर घेतलं होतं. पुढे तो सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुका नकुआला २०२३ मध्ये १७७ व्या नंबरवर घेतलं, त्याने पहिल्याच वर्षी १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड काढून नवख्यांचे विक्रम मोडले. दोघांनाही लॉस एंजेलिस रॅम्सनेच हेरलं होतं. आणि चेसला १६.१ कोटी मिळाले त्याच महिन्यात रॅम्सने ३१ वर्षांच्या कपला सोडून दिलं.

मग चेस की जेफरसन?

इथे एक भारी योगायोग आहे. २०१९ मध्ये हे दोघं लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या एकाच टीममध्ये होते आणि दोघांना बॉल फेकायचा जो बरो. त्या हंगामात चेसचे १,७८० यार्ड, जेफरसनचे १,५४०. टीम एकही मॅच न हरता चॅम्पियन झाली.

पुढे चेस बेंगल्सकडे गेला आणि तिथे त्याला परत बरोच मिळाला. २०२४ मध्ये चेसने १२७ कॅच, १,७०८ यार्ड आणि १७ टचडाउन केले, तिन्हींत लीगमध्ये पहिला. एका हंगामाचा निकाल लावायचा तर तो चेसच्या बाजूने लागतो.

जेफरसनला असा जुना साथीदार मिळाला नाही. सुरुवातीला कर्क कझिन्स होता. २०२३ मध्ये कझिन्स दुखापतीने बाहेर गेला आणि एकामागून एक क्वार्टरबॅक बदलले. जेफरसन स्वतःही जखमी झाला, तरी १० मॅचमध्ये त्याने १,०७४ यार्ड केले. २०२४ मध्ये सॅम डार्नल्ड आला, पुन्हा १,५३३. पहिल्या ५ हंगामांत मिळून ७,४३२, जे त्याआधी कुणालाच जमलं नव्हतं.

म्हणून माझं मत जेफरसनला. चेस कमी आहे असं अजिबात नाही, पण बरोशिवाय तो पूर्ण हंगाम कसा खेळेल हे २०२४ पर्यंत बघायची वेळच आली नव्हती. रिसीव्हरची गुणवत्ता तपासायची सगळ्यात प्रामाणिक पद्धत एकच वाटते, ती म्हणजे बॉल फेकणारा बदलल्यावर काय होतं ते बघणं. राइस, हॉपकिन्स, अ‍ॅडम्स आणि जेफरसन त्यात पास झालेत.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला टॉप १० ची यादी पाठवली, तर भांडण्याआधी एवढंच विचारा: यांना बॉल कोण फेकत होतं?