तुळशीच्या लग्नाएवढा मांडव

कार्तिक शुद्ध द्वादशी आली की गोव्यातील हिंदू घरांच्या अंगणांतून एक लग्न लागते. पेडण्याच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांपासून डिचोलीच्या डोंगरउतारांपर्यंत या दिवसाला ‘व्हडली दिवाळी’ म्हणतात. वृंदावनाला नवा रंग दिला जातो, त्याच्या बाजूंस ऊस उभे राहतात, आवळ्याच्या व चिंचेच्या डहाळ्या फळांसकट खोवल्या जातात, परसातल्या झेंडूची माळ चढते आणि कठड्यावर पणत्या लागतात. कोठे उसाचे कांडे तर कोठे दिंड्याची काठी नवरदेव म्हणून उभी राहते. अंतरपाटाला घरातलेच धोतर चालते. मंगलाष्टके होतात, पोहे, ऊस व खोबरे वाटले जाते आणि मंडळी पुढच्या अंगणाकडे वळतात. या विवाहासाठी कोणी कर्ज काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तसेच ‘यंदा अमक्यांकडे तुळशीचे लग्न फारच साधे झाले हो,’ असे कोणी कुजबुजल्याचेही आम्ही कधी ऐकलेले नाही.

त्याच अंगणात पुढे घरच्या लेकीचे लग्न निघते, तेव्हा मात्र हीच माणसे गोंधळतात. घरच्या हातांना जे काम दरवर्षी येते, ते त्या दिवशी एकाएकी कोणालाच येईनासे होते. कार्यालय ठरते, सजावटीचा ठेकेदार येतो, घाटावरून फुलांच्या पेट्या येतात, आणि एका सायंकाळपुरत्या उभारलेल्या फुलांच्या कमानीसाठी बाप पतसंस्थेच्या कागदावर सही करतो. मोपा येथील मनोहर विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाल्यापासून पेडणे तालुका जगाच्या फार जवळ आला. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर दूरदेशीची मंडळी लग्नसोहळे करावयास येतात. त्यांनी त्यांच्या पैशाने काय करावे हा त्यांचा प्रश्न आहे. तथापि तेथली कमान पाहून आलेल्या आमच्या गावच्या मुलाला आपल्या दारचे आंब्याचे तोरण दरिद्री वाटू लागते, हा मात्र आपला प्रश्न आहे. म्हणून लहान लग्नाची सजावट थोडक्यात व थोड्या खर्चात कशी करावी, याविषयी या वेळी लिहावे असे आम्ही योजिले आहे.

परंतु कसे सजवावे याच्या आधी कशासाठी सजवावे, हे पाहिले पाहिजे. या बाबतीत गोव्याची परिस्थिती इतर प्रांतांतील वाचकांस थोडी निराळी वाटेल. येथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक कायदा आणि १९१० चा पोर्तुगीज विवाह-कायदा १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिला. त्यामुळे विवाहाची नोंदणी ही येथे हौसेची बाब नाही. वधूवरांनी तालुक्याच्या नोंदणी कचेरीत जाऊन विवाहाचा इरादा जाहीर करावयाचा, त्याची नोटीस लागावयाची, आणि ठरलेली मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन साक्षीदारांसमक्ष सही करावयाची. ती सही झाली की हिंदू जोडपे कायद्याने पती-पत्नी झाले. ‘त्यांची सही झाली’ एवढे म्हटले की येथे सर्वांना अर्थ कळतो. पुष्कळदा मुलगी सही करून माहेरीच परतते, आणि मांडव कित्येक आठवड्यांनी पडतो.

मग कायद्याने जे लग्न आधीच पार पडले, त्याच्यासाठी पुन्हा मांडव कशाला? आमच्या मते याचे उत्तर असे की कचेरीतली सही ही दोघांची संमती असते, आणि दारचे तोरण ही घराची संमती असते. मुहूर्तमेढ रोवली म्हणजे घराने वाडीला सांगितले, की आमच्याकडे एक नवे माणूस येत आहे आणि ते आम्हांस हवे आहे. सजावटीचे सारे काम एवढेच आहे. हे सांगण्यास केळीचे दोन खांब पुरतात. ज्या घराला हे सांगावयाचेच नसते, त्याची गरज फुलांच्या दहा गाड्यांनीही भागत नाही.

यावरून आम्हांस दुसऱ्या एका प्रकारच्या लहान लग्नाविषयी लिहिणे प्राप्त आहे. घरच्यांचा विरोध पत्करून, चार मित्रांना साक्षीला घेऊन मुले कचेरीत सही करून येतात, अशी लग्ने प्रत्येक गावात होतात आणि प्रत्येक गाव त्याविषयी दबक्या आवाजात बोलते. आम्हां मराठी माणसांचे या बाबतीतले वागणे मोठे विसंगत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. वडीलभावाने ठरवलेले स्थळ डावलून सुभद्रा अर्जुनाची होते आणि तिचा दुसरा भाऊ त्या कटाचा सूत्रधार असतो, हे पाहण्यासाठी गोव्यातील रसिकांनी देवळांच्या पटांगणांत रात्री जागविल्या. रुक्मिणीने श्रीकृष्णाला गुप्तपणे पाठविलेल्या पत्राचे निरूपण आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. पण शेजारच्या सज्ञान सुभद्रेने आपला अर्जुन निवडला, की तिच्या वाट्याला न तोरण येते न अक्षता.

डिचोली तालुक्यातील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने असेच लग्न केले. मुलगी दुसऱ्या जातीची होती. सही झाल्यावर दोघे तीन महिने भाड्याच्या खोलीत राहिली. वडील बोलावयास तयार नव्हते. अखेरीस ते एवढेच म्हणाले, की येतील तर येऊ देत, पण गाजावाजा नको. जोडपे यावयाच्या दिवशी आम्ही सहज त्या घरी गेलो होतो. मुलाची आई स्टुलावर चढून दाराला आंब्याची पाने बांधीत होती. नवऱ्याने बाहेर येऊन विचारले, ‘‘हे कशाला? गाजावाजा नको म्हटले ना?’’ ती खाली न उतरताच म्हणाली, ‘‘गाजावाजा नाहीच करीत. पण उघड्या चौकटीतून सुनेला कशी घेऊ? ती काय भाडेकरू आहे?’’ गृहस्थ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मागीलदारी जाऊन केळीचा एक गाभा तोडून आणला आणि दाराशी उभा केला. दुसरा आणावयास त्यांचा धाकटा मुलगा धावला. त्या दिवशी त्या घराचा खर्च पाच नारळ व एक पसा तांदूळ यांपलीकडे गेला नसेल. परंतु त्या सुनेला सासर मिळाले ते त्या तोरणाने, असे आम्हांस निश्चित वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कचेरीतल्या सहीच्या दिवशी सजावटीचा खटाटोप करू नये. तेथे जागा इतरांचीही असते. वधूवरांसाठी दोन हार, वधूच्या केसांत अबोलीची फाती आणि साक्षीदारांसाठी पेढ्यांचा पुडा एवढे पुरे. अबोलीला गंध नसतो, पण ती उन्हातही लवकर कोमेजत नाही, म्हणून अशा धावपळीच्या दिवशी तीच उत्तम. म्हापशाच्या बाजारात फुले गुंफीत बसणाऱ्या बायकांकडून ती घ्यावी. आपल्या काटकसरीचा भार त्यांच्याशी घासाघीस करून त्यांच्यावर टाकू नये.

घरच्या समारंभासाठी तीनच जागा सजवाव्यात: दार, बोहले आणि उजेडाची जागा. बाकीच्या भिंती झाडून स्वच्छ केल्या म्हणजे झाले. तीन फूट रुंद व साडेसहा फूट उंच चौकटीच्या दोन्ही बाजू आणि माथा मिळून १६ फुटांची माळ लागते. दर ३ इंचांवर एक झेंडू आणि मधे आंब्याचे पान धरले तर ६४ फुलांत दार भरते. ही माळ आदल्या संध्याकाळी ओवून ठेवली तरी चालते. झेंडूचा भाव दसरा-दिवाळीच्या सुमारास चढलेला असतो, तेव्हा त्या दिवसांत पाने अधिक व फुले कमी घ्यावीत. केळीचे खांब आणि माडाच्या झावळ्या आदल्या दिवशी आणाव्यात. झावळी हिरवी असतानाच विणावी, वाळल्यावर पाती मोडतात. जाई मात्र त्याच दिवसाची हवी. वैशाखातले लग्न असेल तर मोगऱ्यासारखे स्वस्त वैभव नाही. शिरगावच्या लईराई देवीला वाहिला जाणारा मोगरा त्याच दिवसांतला. कळ्या आदल्या सायंकाळी गुंफून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे मुहूर्तापर्यंत ताज्या राहतात.

बोहल्याच्या मागे पडदा हवा असेल तर तो विकत आणू नये. घरातल्या साड्या काढाव्यात. साधारण साडेपाच मीटरची पाचवारी साडी उंच दोरीवर मधोमध दुमडून सोडली की सुमारे ९ फूट उंचीचा दुहेरी पडदा होतो आणि त्याची रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास भरते. तीन साड्यांत ११ फुटांची भिंत झाकते. त्यांत एक आजीची, एक आईची व एक सासूची असली तर त्या पडद्याला जी शोभा येते ती भाड्याच्या मखमलीला कोठून येणार? मात्र समया या कापडापासून तीन फूट तरी दूर आणि वाऱ्याच्या आड ठेवाव्यात. वर छताला काही टांगावयाचे असेल, तर गोव्यातील घराला शिकवावयाची गरज नाही. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधणारे हात घरात असतातच. सुपारीचे घोस, नारळाची पेंड, आंब्याच्या डहाळ्या केवणीच्या सालीच्या दोराने बांधावयाची कला त्यांना ठाऊक असते. ती वर्षातून एकदाच वापरावी असा काही शास्त्रार्थ नाही. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांनी रंगविलेला एखादा लाकडी पाट घरात असेल तर तो वधूवरांसाठी काढावा. पणत्या व मातीच्या कुंड्या डिचोलीच्या कुंभारांकडच्या घ्याव्यात. लग्नानंतर त्याच कुंड्यांत तुळशीची रोपे लावून ती पाहुण्यांना देता येतात.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आमचे वाचक म्हणतील, की मास्तर, आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, येथे केळीचा गाभा कोठून आणावा? त्यांना आमचे सांगणे असे, की गोव्याच्या झाडांची नक्कल करू नका. आपापल्या अंगणात, रस्त्यावर, बाजारात त्या ऋतूत जे हिरवे मिळते ते घ्या: कोठे अशोकाची पाने, कोठे कडुनिंबाची डहाळी, कोठे ज्वारीची ताटे. जिना सर्वांचा असतो, म्हणून शेजाऱ्यांना विचारून त्याच्या प्रत्येक वळणावर एक पणती व एक लहानशी रांगोळी ठेवा. चार मजले चढून येणारा पाहुणा मांडवातूनच चालत येतो. थर्मोकोलच्या महिरपीचा मोह मात्र टाळावा. सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, आणि १०० मायक्रॉनहून पातळ असे पीव्हीसीचे फलकही त्याच बंदीत येतात. वधूवरांची नावे रांगोळीने किंवा पाटीवर खडूने लिहावीत. वर्गातल्या फळ्यावर सुवाच्य लिहिणारे एखादे मूल प्रत्येक कुटुंबात असते, आणि त्या दिवशी त्याला काम मिळाले की त्याचा आनंद वधूवरांपेक्षा कमी नसतो.

‘लोक काय म्हणतील?’ हा शेवटचा प्रश्न उरतोच. लोकांचे म्हणणे नवे नाही. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुरोहितावाचून व अगदी अल्प खर्चात पहिला विवाह लावला, तेव्हाही लोक बोललेच. बोलणारे आज त्यांच्या नावानिशी कोणाला आठवत नाहीत. साधेपणाची लाज वाटते ती बहुधा तो नाइलाजाने आल्यासारखा दिसतो म्हणून. अर्धवट ठेकेदाराचे आणि अर्धवट घरचे असे काही केले, की उणीव डोळ्यांत भरते. सारेच घरच्या हातांनी केले, की पाहणाऱ्याला मोजमाप करावयास जागाच उरत नाही. तुळशीच्या लग्नात ऊस किती रुपयांचे होते हे कोणी विचारते काय?

ज्या घरांत येत्या कार्तिकानंतर मांडव पडावयाचा असेल, त्यांनी आमची एक सूचना ध्यानात घ्यावी. यंदा वृंदावन सजविताना घरातल्या उपवर मुलामुलींना हाताशी घ्यावे आणि ऊस उभे करता करता त्यांच्याशी खर्चाविषयी मोकळेपणी बोलावे. आपल्याला काय झेपते, काय हवे आहे आणि काय केवळ शेजाऱ्यांसाठी आहे, याची वाटणी तेथेच करावी. आणि ज्या घरातली मुले न विचारता सही करून गेली आहेत, त्या घरांनी मुहूर्ताची वाट न पाहता आंब्याची अकरा पाने एका दोऱ्यात ओवून दाराला बांधावीत. निरोप पोहोचतो, असा आमचा अनुभव आहे.