तिजोरी मजबूत होती, मग डेटा चोरीला गेलाच कसा?

तुम्ही कुणाला आणि किती वेळा फोन केलात, याची सहा महिन्यांची नोंद अनोळखी माणसाच्या हाती लागली तर? जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिकॉम कंपनीने आपल्या जवळपास सगळ्या मोबाइल ग्राहकांबाबत नेमकं हेच घडल्याचं जाहीर केलं. त्यात बोलणं किंवा मेसेजचा मजकूर नव्हता, पण कोणत्या नंबरचा कोणत्या नंबरशी संपर्क झाला, ते होतं.

हा डेटा होता कुठे?

स्नोफ्लेक या क्लाउड प्लॅटफॉर्मवर. कंपन्या इथे विक्रीचा, ग्राहकांचा, वापराचा डेटा एकत्र साठवतात आणि त्याचं विश्लेषण करतात. सगळं एकाच ठिकाणी असल्याने काम सोपं होतं. चोराचंही!

डेटा एन्क्रिप्टेड नव्हता का?

स्नोफ्लेकवर साठवलेला डेटा एन्क्रिप्टेडच असतो. म्हणजे कुणी हार्ड डिस्क पळवली, तरी त्याला काही वाचता येणार नाही. पण इथे कुणी डिस्क पळवली नाही. चोर खऱ्या युजरनेम-पासवर्डने लॉगिन करून आत आले. सिस्टिमच्या लेखी ते अधिकृत युजर होते, त्यामुळे तिने डेटा उलगडून समोर ठेवला.

मग चूक कुठे झाली?

तपास करणाऱ्या मँडियंट या सायबर सुरक्षा कंपनीने जून २०२४ मध्ये तीन कारणं सांगितली. या खात्यांना ओटीपीसारखी दुसरी पायरी नव्हती. मालवेअरने चोरलेले पासवर्ड बदललेच नव्हते, काही तर २०२० पासून बाहेर होते. आणि ठरावीक नेटवर्कवरूनच लॉगिन होईल, अशी अट नव्हती. सुमारे १६५ कंपन्यांना धोक्याची सूचना द्यावी लागली. स्नोफ्लेकची स्वतःची यंत्रणा फोडल्याचा पुरावा मात्र सापडला नाही.

आपला काय संबंध?

आपला डेटाही अशाच सर्व्हरवर असतो आणि त्याचा पासवर्ड आपल्या हातात नसतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, पुरेशी सुरक्षा न ठेवणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे 'तुमचा डेटा एन्क्रिप्टेड आहे' असं कंपनीने सांगितलं, की पुढचा प्रश्न विचारायला हवा: किल्ली कुणाकुणाकडे आहे?