जुना डबा सापडला तर झाकणाला हात लावू नका

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि जुन्या पासबुकांखालून कधीकधी तंबाखूचा एक डबा निघतो. थ्री नन्स, एरिनमोर, कॅप्स्टन नेव्ही कट, नाहीतर प्रिन्स अल्बर्टचा उभट लाल डबा. आजोबा पाइप ओढायचे हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं, पण डबा शिल्लक राहिलाय याचा पत्ता कुणालाच नसतो. ज्यांना स्वतःलाच पाइपाचा शौक आहे, त्यांची गत याहून वेगळी नाही. परदेशातून येणारा प्रत्येक जण एक डबा आणतो, तो कपाटात मागे सरकतो, पुढे नवा येतो, आणि दहा वर्षांनी मोजदाद केली की आपल्याकडे काय काय आहे हे पाहून मालकच चकित होतो.

अशा सगळ्यांना माझं सांगणं एवढंच आहे, की या डब्याचं काय करायचं ते आधी ठरवा आणि मगच तो उघडा. बंद डबा तुमच्यासाठी थांबून राहतो, उघडलेला थांबत नाही. घरी पाहुणे आलेत, कुणीतरी कौतुकाने झाकणाला चमचा लावतं, सगळे वास घेतात, "वा!" म्हणतात, आणि मग डबा टीव्हीशेजारी पडून महिन्याभरात आतला माल वाळून भुगा होतो. हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आधी डबा नीट बघा. गोल पत्र्याचा हवाबंद डबा असेल तर झाकण बोटांनी हलकेच फिरवून पाहा. ते घट्ट बसलेलं असेल तर आतली पोकळी टिकून असण्याची शक्यता बरीच, आणि गरगर फिरलं तर हवा केव्हाच आत शिरली आहे. मग तळ आणि कडा पाहा. कोकणात, मुंबईत, गोव्यात समुद्राची हवा पत्रा खाते. टाचणीच्या टोकाएवढं गंजाचं भोक पडलं तरी आतलं पान संपलं. छापील मजकूरही वाचा, त्यातून वय कळतं. किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर डबा १९७१ च्या आधीचा असणार, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटनने दशमान चलन लागू केलं. डनहिलचा डबा इंग्लंडचा, उत्तर आयर्लंडचा की डेन्मार्कचा, यावरूनही काळाचा अंदाज येतो. डनहिलचा तंबाखू बनवण्याचं काम लंडनहून बेलफास्टला आणि पुढे डेन्मार्कला गेलं. २०१८ पासून डनहिल नावाने पाइपचा तंबाखू येणं थांबलं आणि त्यातली बरीच मिश्रणं पीटर्सन या ब्रँडच्या नावाने निघू लागली. भारतात विकलेल्या डब्यावर इशाऱ्याचं चित्र नसेल तर तो बहुधा ३१ मे २००९ च्या आधीचा आहे. जे कळेल ते चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा. आजोबांचं नावही लिहा.

आता आत काय असेल? लोणचं मुरतं तसा तंबाखूही मुरतो असं समजून लोक जुन्या डब्यापुढे हात जोडतात, पण ते सरसकट खरं नाही. व्हर्जिनिया पानात साखर भरपूर असते. बंद डब्यात ते वर्षानुवर्षं काळवंडत जातं, त्याची तिखट धार कमी होते आणि सुकामेव्यासारखा वास येतो. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पिंपांमध्ये दाबून आंबवतात तो पेरीक व्हर्जिनियात मिसळलेला असेल तर तोही चांगला मुरतो. लटाकियाचं उलट आहे. तो लाकडाच्या धुरावर धरलेला, आणि त्याचा तो धुरकट दरारा वर्षांगणिक उतरत जातो. व्हॅनिला, चेरी असले वास लावलेले तंबाखू तर म्हातारे होऊन काहीच मिळवत नाहीत. ज्या वासासाठी ते घेतले होते तोच आधी उडून जातो. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचा चेरीचा पाउच सापडला तर भक्तिभावाची गरज नाही.

उघडायचंच ठरलं तर दिवसाउजेडी उघडा आणि भिंग हाताशी ठेवा. पानावर पांढरं काही दिसलं की काही जण ते मुरल्याची खूण म्हणून खूश होतात. साखरेसारखे चमकणारे बारीक स्फटिक असतील तर ठीक आहे. कापसासारखा तंतूंचा थर असेल आणि कोंदट, ओल्या गोणपाटाचा वास येत असेल तर ती बुरशी आहे. तेवढाच भाग काढून उरलेला वापरू, हा हिशेब करू नका, सगळाच टाका. पान नुसतं वाळलं असेल तर ते सुधारता येतं. ते वाडग्यात पसरा आणि वर ओलसर फडकं ताणून ठेवा, फक्त फडकं पानाला टेकू देऊ नका. तासातासाने हात लावून पाहा. चिमटीत दाबून सोडल्यावर पान उलगडलं की बस झालं. बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड डब्यात ठेवण्याचा सल्ला कुणी देईल तर ऐकू नका, बुरशीला तेच आमंत्रण असतं. जुलैत मुंबईत तर फडकंही लागणार नाही, डबा अर्धा तास उघडा राहिला की तंबाखू सादळतोच.

मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि नाव-तारीख लिहा. लटाकियाची बरणी वेगळी ठेवा, नाहीतर शेजारचं सगळं धुरकट होतं. बरणी स्वयंपाकघरात नको, आणि उन्हात तापणाऱ्या माळ्यावर तर मुळीच नको. मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा शोधा. चिमूटभर तंबाखू लहान मुलाच्या पोटात गेला तरी निकोटीनची विषबाधा होऊ शकते, आणि गोड वासाचा तंबाखू मुलांना खाऊच वाटतो.

ओढण्याबद्दल सरळ सांगतो. तंबाखू जुना झाला म्हणून निरुपद्रवी होत नाही. पाइपाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून काही बिघडत नाही, ही समजूतही चुकीचीच आहे. ओठाचा, तोंडाचा, घशाचा कर्करोग पाइपवाल्यांनाही होतो. जो ओढतो त्याला हे माहीत असतंच, त्याचा निर्णय त्याचा. पण घरात ज्याने कष्टाने तंबाखू सोडला आहे, त्याच्यासमोर हा डबा ठेवू नका, "एक झुरका आजोबांच्या नावाने" म्हणून आग्रह तर बिलकुल करू नका. ज्याला सोडायचा आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. डब्याबरोबर आजोबांचा पाइपही सापडला असेल तर तो पाण्यात बुडवू नका, ब्रायरचं लाकूड बिघडतं. कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

न ओढणाऱ्यांनी डबा बंदच ठेवावा असं माझं मत आहे. पाइप ओढणारा जाणता मित्र असेल तर त्याला द्या, त्याला त्याचं मोल कळेल. गंजून फुटलेला डबा रिकामा करून पुसलात तर मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात नुसत्या डब्यालाही गिऱ्हाईक भेटतं. फार पैशांची आशा मात्र धरू नका.

राहिला फेकायचा तंबाखू. आपल्याकडे तो "कीड लागत नाही" म्हणून कुंडीत टाकायची किंवा उकळून फवारायची सवय आहे. टोमॅटो, मिरची, वांगं ही तंबाखूच्याच कुळातली झाडं. तंबाखूच्या पानांवर डाग पाडणारा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं जिवंत राहतो, आणि टोमॅटो-मिरचीवरही तो पडतो. म्हणून डब्यातला माल कंपोस्टात नको आणि गच्चीवरच्या कुंडीतही नको. कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या, साबणाने हात धुवा, आणि मगच मिरचीच्या रोपांना हात लावा.